बाहेर पडायची इच्छा

'द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स' (२००३) पहिल्यांदा पाहिला तेव्हा झायनमधल्या त्या लांबलचक लढाईनेच वैताग आणला होता. आता खटकतो तो शेवटचा तह. निओच्या बलिदानाच्या बदल्यात यंत्रं युद्ध थांबवतात आणि ज्यांना मॅट्रिक्समधून बाहेर पडायचंय त्यांना सोडायचं कबूल करतात. पण आपण आत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला बाहेर पडावंसं वाटणार कसं? आम्ही प्रोग्रामर तरी वेगळं काय करतो? पर्याय देतो, पण सेटिंग्जच्या पाचव्या पानावर, आणि मग म्हणतो, लोकांनीच निवडलं. पहिल्या भागातल्या सायफरने (गद्दारच तो, पण) निदान सगळं जाणून खोटा स्टेक निवडला होता. बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही, आणि तिसरा भाग त्यांच्यावर छान सूर्योदय दाखवून संपतो.