बारडाचा डोंगर आणि मिटलेला पियानो

बोर्डीच्या समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, की चिकूच्या वाड्यांच्या गर्द रेषेपलीकडे पूर्वेला बारडाचा डोंगर दिसतो. उंची जेमतेम दीड हजार फुटांची, म्हणजे सह्याद्रीच्या शिखरांपुढे हा डोंगर अगदी लहान. परंतु संजाणचा पाडाव झाल्यानंतर पारशी समाजाने आपला इराणशाह अग्नी जेथे आणला आणि बारा वर्षे अखंड तेवत ठेवला, त्या बाहरोटच्या गुहा याच डोंगराच्या माथ्यावर आहेत. पुढे तो अग्नी वांसद्याला, मग नवसारीला आणि १७४२ साली उदवाड्याला गेला. आज उदवाड्याच्या आतशबेहेरामापुढे जो भाविक नतमस्तक होतो, त्याला हा मधला अज्ञातवास फारसा आठवत नसेल. मला मात्र त्या बारा वर्षांचेच विलक्षण आकर्षण वाटत आले आहे. कुणी दर्शनाला येत नसताना, केवळ विझू नये एवढ्याचसाठी, पावसाळ्यामागून पावसाळे त्या काळोख्या कपारीत लाकडे पुरवीत बसलेल्या माणसांनी धर्माची सेवा केली, की धर्म लोकांपासून लपवून ठेवला?

हा प्रश्न मला एका पियानोवादकाच्या चरित्राकडे घेऊन गेला. कैखुश्रू शापूरजी सोराबजी यांचा जन्म १४ ऑगस्ट १८९२ रोजी इंग्लंडात, एसेक्समधील चिंगफर्ड येथे झाला. वडील मुंबईचे पारशी, पेशाने स्थापत्य अभियंते. आई इंग्लिश, स्वतः गाणारी आणि वाजवणारी, आणि मुलाचे बोट पहिल्यांदा पियानोच्या पट्टीवर ठेवणारी. जन्मतः मिळालेले लिऑन डडली हे विलायती नाव टाकून मुलाने तरुणपणी कैखुश्रू हे नाव धारण केले. शाहनामा ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे, की इराणचा तो सम्राट वैभवाच्या ऐन शिखरावर असताना सिंहासन सोडून डोंगराकडे चालू लागला आणि तेथेच दिसेनासा झाला. नाव घेताना तरुण सोराबजींच्या मनात ही कथा होती असे मी म्हणणार नाही. तथापि त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले, की हे नाव त्यांना किती शोभून दिसले याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

संगीतरचनेला त्यांनी उशिरा, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आरंभ केला, आणि तोही कुठल्या विद्यालयाच्या आश्रयाने नव्हे, तर बव्हंशी स्वतःच्या अभ्यासाने. १९१९ साली लंडनमध्ये फेरुच्चो बुसोनी या थोर वादक-रचनाकारापुढे त्यांनी आपली एक सोनाटा वाजवली आणि बुसोनींनी शिफारसपत्र दिले. मग १९३० साली 'ओपुस क्लाविचेंबालिस्टिकुम' ही महारचना पुरी झाली. तिची स्वरलिपी २५२ पृष्ठांची, भाग तीन, त्यांत मिळून बारा प्रकरणे, आणि वाजवण्यास लागणारा वेळ चार तासांहून अधिक. आपल्याकडे रात्रभराच्या मैफलीची वहिवाट असल्याने चार तासांचे आपल्याला काही वाटत नाही. परंतु आपला गवई राग विस्तारताना क्षणोक्षणी नवे सुचू देतो, श्रोत्याच्या दादेवर थबकतो, तंबोऱ्याच्या आसेवर विसावतो, आणि येथे मात्र कागदावर आधीच ठरलेला प्रत्येक स्वर, दोन्ही हातांच्या दहाही बोटांनी, एकही न गाळता उतरवायचा असतो. त्याच वर्षी १ डिसेंबरला ग्लासगो शहरात, एरिक चिझम या संगीतकाराच्या मंडळाने योजिलेल्या कार्यक्रमात, सोराबजींनी ती स्वतः आरंभापासून अखेरपर्यंत वाजवली.

तेथून त्यांची कीर्ती वाढत जावयाची. पण झाले उलटेच. मार्च १९३६ मध्ये लंडनला दुसऱ्या एका वादकाने या रचनेचा पहिला भाग लोकांपुढे मांडला आणि तो मूळ कृतीशी इतका विसंगत ठरला, की आपल्या स्वरांची अशी अवस्था होणार असेल तर ते वाजूच नयेत, या निश्चयाला रचनाकार येऊन पोहोचला. त्याच डिसेंबरात स्वतःची एक तोकाता ग्लासगोला वाजवून सोराबजी व्यासपीठावरून उतरले ते कायमचे. आणि आपल्या परवानगीवाचून आपली कोणतीही रचना कुणी जाहीरपणे वाजवू नये, अशी मनाई त्यांनी केली. ती सुमारे चाळीस वर्षे टिकली. पुढे डॉर्सेट परगण्यातील कॉर्फ कॅसल या खेड्यात ते जाऊन राहिले.

याला विक्षिप्तपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी तसे केलेही. मला ते मान्य नाही. हात आखडून बसलेला माणूस लिहीत नाही; सोराबजी तर लिहीत राहिले, आणि श्रोता नाही हे पक्के ठाऊक असताना लिहीत राहिले. १९४८-४९ या दोन वर्षांत, मनाईच्या काळातच, त्यांनी सत्तावीस रूपांतरांची 'सेक्वेन्शिया सिक्लिका' रचली, जी वाजवायला आठ तासांहून अधिक वेळ लागतो. पत्रे लिहून आर्जव करणाऱ्या मित्रांच्या आग्रहाला अखेर मान देऊन १९६२ ते १९६८ या काळात त्यांनी घरच्या घरी आपले वादन ध्वनिमुद्रित करू दिले. बाहरोटच्या गुहेत जे घडले त्याचेच हे दुसरे रूप नव्हे काय? अग्नी दाखवायचा नव्हता, पण लाकूड मात्र रोज घालायचे होते.

बोर्डी-घोलवडच्या एका वाडीत, एका जुन्या कौलारू बंगल्यात, मी वर्षानुवर्षे न वाजलेला एक पियानो पाहिला आहे. झाकण उघडून आत डोकावलो तो तारांखाली विजेचा एक लहानसा दिवा जळताना दिसला. समुद्राच्या दमट हवेने लाकूड फुगते, नमद्याला बुरशी धरते, तारा गंजतात, म्हणून पावसाळाभर हा दिवा आत ठेवायचा, असे घरच्या वृद्ध बाईंनी सांगितले. त्यांच्या सासूबाई वाजवीत असत. त्यांच्यामागे वाजवणारे कुणी राहिले नाही. मी एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि वर यायला तिने बराच वेळ घेतला. स्वर उमटला तो किंचित उतरलेला, पण जिवंत होता. "तेवढं तरी राहू दे ना, डिकरा," असे म्हणून त्यांनी झाकण हलक्या हाताने लावले, आणि मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

मात्र सोराबजींचा कैवार घेताना एक गोष्ट नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वडिलांनी करून ठेवलेल्या विश्वस्तनिधीतून त्यांना हयातभर उत्पन्न मिळत राहिले, त्यामुळे वाजवले तरच चूल पेटेल अशी वेळ त्यांच्यावर आली नाही. दुसरे असे, की त्यांची कला कागदावर उतरलेली होती. कागद चाळीस वर्षे पेटीत पडून राहिला तरी त्यावरचा षड्ज ढळत नाही. मौनाचा अधिकार ज्याला परवडतो असा कलावंत जगात विरळाच.

आणि हे मला कुणी शिकवले असेल, तर याच परिसरातल्या तारप्याने. वाळवलेल्या दुध्या भोपळ्याचे पोट, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला लांब कर्णा, आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचे मेण, एवढ्या सामग्रीवर वारली वादक तासन्‌तास वाजवतो, आणि मधे श्वास तुटू देत नाही. गाल फुगलेले असतानाच नाकाने हवा ओढून घेतो. ग्लासगोची ती रात्र मला या श्वासाच्या शेजारी ठेवावीशी वाटते. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी आपल्या चित्रांतून हा तारपा साऱ्या जगाला दाखवला: मधे वादक आणि भोवती एकमेकांना धरून फिरणाऱ्या नर्तकांचे उलगडत जाणारे वेटोळे. त्या वेटोळ्यात श्रोता असा निराळा कुणी नसतो. वादक वळेल तसा फेर वळतो, आणि फेरातला कुणी तारप्याकडे पाठ करीत नाही. सोराबजींनी ज्या सभागृहांना पाठ दाखवली, तेथे तिकीट काढून बसलेला समुदाय काळोखातून एका माणसाला न्याहाळीत असे. त्यांना हा फेर मिळता तर त्यांनी मनाई केली असती काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण तारप्याला स्वरलिपी नाही, विश्वस्तनिधीही नाही. त्याला चाळीस वर्षे गुहेत ठेवता येत नाही. एक पिढी वाजवायची थांबली, की कोणत्या नाचाला कोणती चाल, हे सांगणारे दप्तर कुठेच उरत नाही. जव्हारकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा माझ्या आनंदात ही धास्तीही मिसळलेली होती.

सोराबजींची गुहा उघडली ती १९७६ साली. ॲलिस्टर हिंटन या तरुण संगीतकाराच्या स्नेहाने मन वळलेल्या वृद्ध सोराबजींनी योंटी सोलोमन या वादकाला मुभा दिली आणि लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये त्यांचे स्वर पुन्हा लोकांच्या कानी पडले. १९८२ साली जेफ्री डग्लस मॅज यांनी उत्रेख्त येथे ती चार तासांची रचना पुन्हा संपूर्ण वाजवली. १५ ऑक्टोबर १९८८ रोजी, शहाण्णव वर्षांचे होऊन, सोराबजी निवर्तले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास, भाताची कापणी उरकत आली असता, तलासरीकडच्या एका पाड्यावर संध्याकाळी थांबलो होतो. एका म्हाताऱ्या तारपकऱ्याने आढ्याला टांगलेला तारपा खाली काढला. भोपळ्याला एके ठिकाणी बारीक भेग गेली होती. त्याने मेणाचा गोळा चुलीच्या धगीला धरला, मऊ झाल्यावर अंगठ्याने भेगेत दाबला, आणि फुंकून पाहिले. हवा निसटत होती. पुन्हा मेण लावले, पुन्हा फुंकले. शेजारी त्याचा नातू, वय असेल नऊ-दहा वर्षांचे, बोटाला लागलेले मेण अंगठ्यावर घोळवीत हे पाहत होता. तिसऱ्या खेपेला आवाज धरला. म्हाताऱ्याने तारपा तोंडावेगळा केला आणि मुलाच्या हाती दिला.