केरसुणी कोणाच्या वाट्याला?



आजच्या प्रवचनाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. निर्वाण, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद असे गहन विषय बाजूला ठेवून आज घरातल्या पसाऱ्याविषयी बोलायचे आहे. मोरीत साचलेल्या खरकट्या भांड्यांविषयी, गुंडाळून फेकलेल्या अंथरुणाविषयी, दाराशी उलटसुलट पडलेल्या चपलांविषयी, आणि हे सारे एकटीने आवरणाऱ्या आईविषयी. हा विषय विहारात कशाला, असे कोणी म्हणू नये. माणसाने माणसाशी कसे वागावे हे शिकवतो तो धम्म, असे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला समजावून सांगितले. मग ज्या माणसाशी आपले पहिले नाते जडते, त्या आईशी आपण कसे वागतो हा धम्माचा पहिलाच प्रश्न नाही काय?

भगवान बुद्धाने दुःखाकडे डोळे उघडून पाहायला शिकवले. तसे आपण आपल्या घराकडे पाहू या. पहाटे नळाला पाणी येते तेव्हा आई उठते. हंडे-बादल्या भरते, चहा ठेवते, डबे करते, मुलांना उठवते. एकाला मोजा सापडत नाही, दुसऱ्याला वही सापडत नाही, तिसऱ्याला भाजी आवडत नाही. सगळे बाहेर पडले की घरात उरतो तो सगळ्यांचा पसारा. तो आवरून ती स्वतः कामावर जाते. कोणी रोजंदारीवर, कोणी कचेरीत, कोणी दवाखान्यात, कोणी महानगरपालिकेची झाडू हातात घेऊन रस्त्यावर. संध्याकाळी परत यावे तो पुन्हा तोच पसारा. ताट जेवल्या जागी, टॉवेल ओला तसाच खाटेवर, आणि घरातली माणसे मोबाईलमध्ये मान घालून बसलेली. कोणी वर पाहून विचारते, "आई, जेवायला काय आहे?"

एखाद्या दिवशी तिचा तोल सुटतो. भांडे आपटले जाते, आवाज चढतो. मग घर काय म्हणते? "आईची हल्ली फार चिडचिड होते." नवरा म्हणतो, "एवढं काय झालं? दोन भांडी तर होती!" भांडी दोन होती हे खरे. पण ती दोन भांडी वीस वर्षांची आहेत, हे त्याला दिसत नाही.

दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य झाले. दुसरे सत्य सांगते की दुःखाला कारण असते. आईच्या चिडण्याचे कारण आपण तिच्या स्वभावात शोधतो. कोणी म्हणतो रक्तदाब, कोणी म्हणतो वय. कारण शोधण्याची ही रीत बौद्धाची नव्हे. 2019 साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. घरचे बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि पुरुष? ज्यांनी असे काम केले त्यांची सरासरी 97 मिनिटे. पण मुळात असे काम करणारे पुरुषच शंभरात सव्वीस होते. बाकीच्या चौऱ्याहत्तरांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत आणि आपली वस्ती त्याच देशात आहे. आता सांगा, कारण आईच्या स्वभावात आहे की घराच्या व्यवस्थेत आहे?

बंधूंनो, या व्यवस्थेचे रूप आपल्या ओळखीचे आहे. घाण एकाने करायची आणि ती दुसऱ्याने उचलायची. उचलणारा कोण हे त्याच्या जन्मावरून ठरवायचे. त्याने ते काम कितीही नेटके केले तरी त्याला मान द्यायचा नाही, आणि एक दिवस केले नाही तर सारे जग त्याच्यावर धावून यायचे. ही कोणती रीत आहे ते आपल्या पूर्वजांच्या पाठीला विचारा. शतकानुशतके तिचे वळ त्यांनी सोसले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर लाखोंनी ती रीत झुगारून दिली. जन्मावरून कोणाचे काम ठरत नाही, ही त्या दीक्षेतली मोठी गोष्ट होती. मग घराच्या उंबऱ्याआत मात्र बाईच्या जन्माला आली म्हणून केरसुणी तिच्याच वाट्याला, हे आपण कोणत्या तोंडाने चालू ठेवले आहे? गावाने आपल्याला जे केले तेच आपण घरात आईला करत असू, तर आपली दीक्षा उंबऱ्याबाहेरच राहिली असे म्हणावे लागेल.

भगवंताच्या संघात काय होते ते पाहा. सुनीत हा राजगृहाचा केर उचलणारा. लोक त्याला तुच्छ लेखत. तथागताने त्याला संघात घेतले. संघात आल्यावर "तू पूर्वी झाडत होतास, आताही तूच झाड" असे त्याला कोणी म्हटले नाही. विनयाचे नियम सर्वांना सारखे. विहार झाडणे, पिण्याचे पाणी भरून ठेवणे, आसने मांडणे, शौचकूप स्वच्छ ठेवणे ही भिक्खूंची कर्तव्ये म्हणून विनयात नेमून दिली आहेत. राजकुळातून आलेला भिक्खू असो की केर उचलणाऱ्याच्या घरातला असो, झाडणे दोघांनाही आहे.

मज्झिम निकायात गोसिंग सालवनाची हकीकत आहे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू तेथे एकत्र राहत. भगवंत त्यांच्या भेटीला गेले आणि तुम्ही एकोप्याने राहता ना, असे त्यांनी विचारले. अनुरुद्धाने आपली राहणी सांगितली. भिक्षेहून जो आधी परत येतो तो आसने मांडतो, पिण्याचे व धुण्याचे पाणी ठेवतो, उष्ट्याचे भांडे ठेवतो. जो शेवटी येतो तो सारे उचलतो, भांडी धुऊन जागेवर ठेवतो आणि जेवणाची जागा झाडतो. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसला तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात. तेवढ्यासाठी कोणी मौन मोडत नाही. दूध आणि पाणी मिसळावे तसे हे तिघे राहत होते.

विचार करा. थोर साधक असलेल्या त्या भिक्खूंना एकोपा कसा टिकवता असे विचारले, तर त्यांच्या उत्तरात ध्यानाआधी घडा, भांडी आणि केर आले. ज्याला दिसले त्याने करायचे, एवढाच त्यांचा नियम. आपल्या घरी घडा रिकामा सर्वांना दिसतो. तो भरायचा मात्र आईने.

दुसरा प्रसंग विनयातला. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि आपल्याच घाणीत पडून होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंत आनंदासह तेथे आले. आनंदाने पाणी आणले, भगवंताने ते ओतले, आनंदाने त्याला धुऊन काढले. मग भगवंताने त्याचे डोके धरले, आनंदाने पाय धरले, आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवले. नंतर भिक्खूंना गोळा करून भगवंताने समज दिली की, येथे तुमची सेवा करायला तुमची आई नाही आणि बापही नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? उपासकांनो, या उपदेशाचा मर्म नीट ध्यानात घ्या. आई जे करते ते काम हलके आहे, म्हणून दुसऱ्या कोणाकडे ढकला, असे शास्त्याने म्हटले नाही. ते प्रत्येकाने शिकावे आणि प्रत्येकाने करावे असे सांगितले, आणि सांगण्याआधी स्वतः करून दाखवले.

येथे काही उपदेशक आईलाच उपदेश करतात. क्रोध आवर, सोशिक हो, क्षांती ही पारमिता आहे. क्रोध वाईट हे खरेच. क्रोध आधी ज्याच्या मनात उठतो त्यालाच जाळतो. पण जखमेवर पाय देऊन उभे राहायचे आणि वर ओरडू नकोस म्हणायचे, याला धम्मोपदेश म्हणत नाहीत. आधी पाय काढा. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. बाबासाहेबांचे हे म्हणणे बाजूला ठेवून क्षांतीचा पाठ देणाऱ्याने बाबासाहेबही वाचले नाहीत आणि बुद्धही वाचला नाही.

सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला भगवंताने सहा दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. नवऱ्याने पत्नीचा मान ठेवावा, तिचा अपमान करू नये, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, असे त्यात स्पष्ट आहे. आणि नोकरचाकरांविषयी काय सांगितले? त्यांना शक्तीप्रमाणे काम द्यावे, आजारात त्यांची काळजी घ्यावी, वेळोवेळी सुटी द्यावी. चाकराला जी सुटी भगवंताने सांगितली ती आपल्या घरात आईला मिळते काय? ताप असला तरी ती चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभीच असते.

आता कृतज्ञतेविषयी. पाली भाषेत दोन शब्द जोडीने येतात, कतञ्ञू आणि कतवेदी. केलेले जाणतो तो कतञ्ञू. जाणले ते प्रकट करतो तो कतवेदी. असा माणूस जगात दुर्मीळ आहे असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. त्याच निकायात असेही आहे की, एका खांद्यावर आई आणि दुसऱ्या खांद्यावर बाप घेऊन शंभर वर्षे वाहिले तरी त्यांचे ऋण फिटत नाही. पुष्कळ मुले मनातून कतञ्ञू असतात. आईचे नाव निघाले की त्यांचे डोळे भरून येतात. पण कतवेदी होण्याची वेळ आली की ताट जागेवर ठेवून उठतात. मनात जाणले आणि तोंडाने बोलले नाही, हाताने केले नाही, तर आईला ते कसे कळावे?

बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. 1928 साली 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी आपल्या संसाराविषयी लिहिले. आपण परदेशी असताना पत्नीने प्रपंचाचा भार वाहिला, पुढे हलाखीच्या दिवसांत शेणाचे भारे डोक्यावरून वाहून आणले, आणि अशा स्त्रीला दिवसाचा अर्धा तासही आपण देऊ शकलो नाही, हे त्यांनी वाचकांपुढे मांडले. माता रमाई तेव्हा हयात होत्या. 27 मे 1935 रोजी त्या गेल्या. 1940 साली पाकिस्तानवरचा ग्रंथ निघाला तो त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. एवढा मोठा पुरुष, एवढ्या मोठ्या कामात बुडालेला, पण घरातल्या कष्टांचे ऋण त्यांनी शाईने लिहून ठेवले. रमाईच्या फोटोला आपण हार घालतो. आपल्या घरातल्या रमाईला मात्र "आज तू दमलीस" एवढे तीन शब्दही आपल्याला जड जातात.

माता-भगिनींनो, दोन शब्द तुमच्याशीही. तुमचा राग खोटा नाही. पण तो भांड्यावर, लेकरावर किंवा सुनेवर काढला तर तो चुकीच्या दारी जातो. शांत वेळी सर्वांना बसवून काम वाटून द्या. वाटताना मुलगी आणि मुलगा असा भेद करू नका. मुलीच्या हाती केरसुणी आणि मुलाच्या हाती रिमोट दिलात, तर उद्या दुसऱ्या एका घरात दुसरी एक आई तुमच्यासारखीच तळमळेल, आणि त्या तळमळीला खतपाणी तुमच्या हातचे असेल. मुलाने झाडलेला कोपरा थोडा कच्चा राहिला तर राहू द्या. "सोड, मीच करते" हे शब्द गिळून टाका. त्या शब्दांनी मुलगा सुटतो आणि तुम्ही पुन्हा अडकता.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वस्तीतल्या बाया कामे उरकून, ओले हात पदराला पुसत येतात आणि मागे बसतात. पुष्कळदा अर्धे वाचन झालेले असते. जिच्यामुळे बाकीचे वेळेवर पोहोचले तीच धम्मश्रवणाला उशिरा पोहोचते. पुढच्या पौर्णिमेला ही गोष्ट बदलायची असेल, तर विहार समितीच्या ठरावाची वाट पाहू नका. आपल्या घरी गोसिंगवनाचा नियम आजपासून लावा. जेवला त्याने आपले ताट धुवावे. उठला त्याने आपले अंथरूण घडी करावे. रिकामा हंडा ज्याला दिसला त्याने भरावा, जड असेल तर दुसऱ्याला हाक द्यावी. पौर्णिमेच्या दिवशी स्वयंपाक आणि भांडी बापाने व मुलांनी करावीत, आणि आईला वेळेवर विहारात पाठवून पुढच्या रांगेत बसू द्यावे. आणि रोज निजण्यापूर्वी, तिने काय काय केले हे जाणून, तसे तिला तोंडाने सांगावे.

आज घरी परत जाल तेव्हा चपला नीट ठेवा. मग मोरीकडे बघा. तेथे भांडी पडलेली असतील, तर ती कोणाची आहेत हे विचारू नका. तुम्हाला दिसली, एवढे पुरे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!