पावतीपुस्तक आणि गुप्तदान

वसईजवळच्या सोपाऱ्यात, बुरुड राजाच्या कोटात, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, असं करत करत अगदी आत सोन्याची डबी. तिच्यात मातीच्या भांड्याच्या खापऱ्या होत्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून कुणीतरी जीव लावून जपलेल्या. भिक्षेचं भांडं, आणि त्याच्याभोवती सोनं! दान घेणाऱ्याचा एवढा मान क्वचितच कुठे राखला गेला असेल.

त्याच सोपाऱ्याच्या एका दात्याचं नाव मात्र कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबावर कोरलेलं आहे.

दिल्याची नोंद ठेवावी की नाही? वसईच्या किनाऱ्यावर हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. इथली गावं कितीतरी पिढ्या चर्चमध्ये येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकत आली आहेत, आणि त्यात दान गुपचूप करायला सांगितलं आहे, एका हाताचं दुसऱ्यालाही कळू नये इतकं गुपचूप. गुप्तदानाची महती देवळात जाणाऱ्या शेजाऱ्यालाही तेवढीच ठाऊक असते.

संस्था निघाली की सगळं उलटं होतं. चार तरुण एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात नेतात, रात्रभर उशाशी बसतात, तेव्हा कुणी पावती फाडत नाही. पुढे एक खोली मिळते, मंडळ होतं, १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. मग पावतीपुस्तक, इतिवृत्ताची वही, दरवर्षीचं ऑडिट. जुनी माणसं हळहळतात, की हिशेब आला आणि सेवेतला जीव गेला.

हळहळ खरी आहे, पण दोष हिशेबाचा नाही. गुप्तदानाची शिकवण देणाऱ्याच्या अहंकाराला आवर घालते. हिशेब असतो तो घेणाऱ्यासाठी. मुलीची फी शेजाऱ्यानं भरली, तर तो रस्त्यात भेटला की बापाची मान आपोआप खाली जाते. तीच फी मंडळाच्या नियमाप्रमाणे, वहीत सही करून मिळाली, तर ती हक्काची होते. कुणाच्या उपकाराखाली राहावं लागत नाही.

१९१८ मध्ये मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी वसईत पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथोलिक बँक. वाडीत केळी आणि पानवेल पिकवणाऱ्याला तिथे भीक नको होती, सावकाराच्या दारात न जाता कर्ज हवं होतं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू पंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नाव न कळणं ही त्यातली वरून दुसरी. सगळ्यांत वरची कोणती, तर कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पुन्हा मागायची वेळच येऊ न देणं. तिथे गुपित ठेवायची गरजच उरत नाही. सभासद शेतकरी आज ठेव ठेवतो आणि उद्या तोच कर्जाचा अर्ज भरतो. दाता कोण आणि याचक कोण, हे ठरवायचं तरी कसं?

धोका आहे तो वेगळा. संस्था मोठी झाली की टेबल एका जागी बसतं आणि गरजवंतानं तिथवर यावं अशी अपेक्षा धरली जाते. आजच्या पालघर जिल्ह्यातच यावर तोड निघाली होती. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. बालवाडी काढली, पण आदिवासी मुलं काही येईनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाला गुरं राखायची. मग ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली. मुलांना आधी आंघोळ घातली, केस विंचरले आणि अंगणातच गाणी सुरू केली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं आणि गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरू लागली. १९७५ च्या सरकारी बालविकास योजनेनं अंगणवाडी हा शब्द देशभर नेला.

आज पाड्यापाड्यावर आई पोराचा शेंबूड पुसते, हाताला धरते आणि म्हणते, "चल, अंगणवाडीची वेळ झाली." हा शब्द कुणी दिला, ते तिला माहीत नसतं.