विकलेला एकर

वाटणीची गोष्ट निघाली आणि माझा हिशेब अडला. दहावीच शिकलो, पण गुंठ्यांचा हिशेब मला कधी चुकला नव्हता.

थोरल्याच्या इंजिनिअरिंगपायी ओढ्याकडचा एकर विकला. 1983 साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना वाट दिली, म्हणून आमच्यासारख्याची पोरं इंजिनिअर झाली. अन् मग इंजिनिअर उदंड झाले. थोरला चाकणला कंत्राटावर आहे. शेजारच्या मशीनवर आयटीआयवाला. पगारात फरक दोन-तीन हजारांचा.

धाकट्याला मी बारावीनंतर थांबवलं. दोघांची फी झेपत नव्हती. तो शेत बघतो, गावात पाण्याच्या मोटारी भरून देतो, आणि थोरल्याइतकं कमावतो.

आता उरले चार एकर. भावकी म्हणते, विकलेला धरून पाच मोजा. थोरल्याला दीड, धाकट्याला अडीच. हिशेब चोख आहे. पण इंजिनिअर हो, हा हट्ट माझा होता. न उगवलेल्या बियाण्याचे पैसे पोराकडून कसे कापू? बरं, मोठा पगार लागला असता तर मी तो एकर मागितला असता का? छे, मिरवलं असतं! म्हणजे पगारावरनं न्याय ठरवणं खोटंच. अन् ज्याला शिकायला मिळालंच नाही, त्याची तूट कशात मोजायची?

परवा धाकट्याला विचारलं, "तुला शिकायचं होतं का रं?"

मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "आबा, हे तवा इचारायचं हुतं."

तलाठ्याकडं अजून गेलेलो नाही.