सफेद दोन, काळी दोन

लग्नसराईत पारोळ्याच्या बाजारपेठेतून नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघते. बँडमधला क्लॅरिनेटवाला जुनं सिनेगीत धरतो. आधी चाल सरळ वाजते. मग वऱ्हाडी नोटा ओवाळू लागतात, ताशा चढतो आणि तीच चाल तो मुरडायला घेतो. एक सूर लांबवतो, दुसरा जरा उशिरा सोडतो, मधेच मूळ गाण्यात नसलेली तान घालतो. तरी गाणं कोणतं, हे पोरंसोरंही ओळखतात.

जॅझ ऐकायला निघालेल्याची अर्धी तयारी इथेच झालेली असते.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये हे संगीत घडलं, तेही रस्त्यावरच्या पितळी बँडांच्या संगतीनं. तिथे अंत्ययात्रेतही बँड असे: दफनभूमीकडे जाताना संथ भजनं, परतताना नाचरी धून. लुई आर्मस्ट्राँग याच गावचा. त्याच्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या (1928) सुरुवातीला सगळा बँड गप्प असतो आणि ट्रम्पेट एकटा चढत जातो. ते काही क्षण चांगल्या गवयाच्या पहिल्या आलापासारखे कान देऊन ऐकावेत.

मुंबईच्या ताजमध्ये 1935 साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय बँड आला आणि गोव्याच्या वादकांना हे संगीत जवळून ऐकायला मिळालं. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांतलेच. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांना सोबत घेतलं. 'अलबेला' सिनेमात (1951) ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पडद्यामागच्या कित्येक गोवेकरांचं नाव मात्र श्रेयनामावलीत कधी आलंच नाही. हा अन्याय होता. खेडोपाडी बँडवाल्यांनी जी गाणी वाजवली, त्यांत या लोकांची बोटं होती.

मराठी कान अडखळतो तो पुढे. ख्यालात तानपुऱ्याचा सा शेवटपर्यंत जागचा हलत नाही. जॅझमध्ये गाण्याखालची जमीनच सरकते: पियानोवाला ठरलेल्या क्रमानं स्वरसंघ बदलत राहतो, वादक त्या फेऱ्यावर ऐन वेळी सुचेल ते रचतो. ठेकाही वेगळा. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, आणि मात्रेचे दोन तुकडे सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, त्यामुळे लय झुलते.

म्हणून नवख्यानं ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या (1959) 'सो व्हॉट'पासून सुरुवात करावी. इथे जमीन फेऱ्यात दोनदाच सरकते. पेटीवाल्याच्या भाषेत सांगायचं तर पहिले सोळा बार (एक बार म्हणजे चार मात्रा) सफेद दोनमध्ये काफी थाटाचे सूर. मग आठ बार अख्खा थाट काळी दोनवर चढतो. शेवटचे आठ पुन्हा सफेद दोनवर. झाले बत्तीस बार, एक फेरा. आरंभी बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत हुंकार देतात. मग ड्रमवाल्या जिमी कॉबची झांज खणखणते, माइल्स मोजके सूर घेऊन मोकळ्या जागा सोडत दोन फेरे पुरे करतो. त्याच बत्तीस बारांवर सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन येतो, नंतर दुसरा सॅक्सोफोनवाला कॅननबॉल ॲडर्ली, दोघांचेही दोन-दोन फेरे. पेटी जवळ असेल तर सफेद दोन दाबून धरावी. सतराव्या बारला ती टोचू लागते.