हे कोणी केलं?

गवंडी, सुतार, वायरमन आणि नळवाले एका बाबतीत अगदी सारखे असतात. घरात आले की पिशवी खाली ठेवतात, कामाकडे बघतात, मान हलवतात आणि विचारतात, ‘‘हे कोणी केलं?’’ या प्रश्नाला मी आजवर एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एका शनिवारी आमच्या वाशिमच्या घरात न्हाणीतला नळ टपटपू लागला. आजार दहा रुपयांच्या वायसरचा. एवढ्यासाठी माणूस कशाला, असं मी म्हणालो. सौ. काहीच म्हणाली नाही. ही धोक्याची सूचना असते, हे लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही मला कळत नाही. पाटणी चौकातून पाना आणला. तो बसेना, म्हणून दुसरा आणला. नळ फिरेना, म्हणून सगळं वजन टाकलं. मग नळ फिरला, पण भिंतीतल्या पाइपासकट! रविवारी सकाळपर्यंत तीन फरश्या फुटल्या होत्या, टाकी रिकामी झाली होती, आणि सौ. खांद्यावर टॉवेल टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला निघाली होती. जाताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

नळवाला आला. तरुण पोरगा. त्याने पिशवी ठेवली, मान हलवली.

‘‘हे कोनं केलं जी, सर?’’

‘‘आधी एक माणूस येऊन गेला,’’ मी म्हणालो.

मी तीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलंय. दारात मारेकरी उभा राहून तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं कांटने 1797 साली लिहून ठेवलं. कांट मोठा माणूस. पण त्याच्या न्हाणीत नळवाला उभा नव्हता. शिवाय माझं खोटं बिनविषारी होतं. ज्याच्यावर ढकललं तो माणूस मुळात नाहीच, मग इजा कोणाला? धर्मराजाच्या खोट्यापायी निदान एक हत्ती तरी मेला. इथे मुंगीही मेली नव्हती.

‘‘पुसद नाक्याकडचा म्हातारा असन,’’ पाना लावता लावता पोरगा म्हणाला. ‘‘त्याले धड दिसत नाही आता. मी त्याच्याच हाताखाली शिकलो, सर. लोकायनं त्याले बलावनं बंद केलं. माह्यं मन मानत नव्हतं. पन आज डोळ्यानं पाह्यलं.’’

स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

‘मीच’ एवढी दोन अक्षरं म्हणायची होती. मी म्हणालो, ‘‘चहा घेणार?’’ त्याने सहाशे मागितले. मी घासाघीस न करता दिले. तेवढ्याने सुटल्यासारखं वाटेल असा माझा हिशेब होता. तो चुकला.

रात्री झोप येईना. या आमच्या वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांची राजधानी. त्यांच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं आणि तसा लेखही खोदून ठेवला. डोंगर ज्यांनी पोखरला त्यांची नावं त्या लेखात नाहीत. चोविसावं लेणं अर्धवट राहिलं. हरिषेणाच्या मरणानंतर आश्रय तुटला म्हणून, असं अभ्यासक मानतात. पण बघणारा माणूस तिथे उभा राहून म्हणतो काय? ‘‘कामगार सोडून गेलेले दिसतात!’’ काम साधलं तर मंत्र्याचं, फसलं तर छिन्नीवाल्याचं. दीड हजार वर्षं झाली, वत्सगुल्मातली ही वहिवाट मी एकट्याने चालू ठेवली होती.

पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. (तो मी बिघडवला नव्हता. खरंच.) सौ. म्हणाली, ‘‘पुसद नाक्याच्या म्हाताऱ्याला बोलवा.’’ तो आला. डोळ्यांनी कमीच पाहत होता. बोटांनी चाचपत त्याने पाव तासात नळ गप्प केला. मग हात धुवायला न्हाणीत गेला. फुटक्या फरश्यांवरून बोटं फिरवत थांबला.

‘‘हे कोनं केलं जी?’’

‘‘मी,’’ मी म्हणालो. ‘‘मी स्वतः.’’

त्याने माझा हात हातात घेऊन तळवा चाचपला. ‘‘राहू द्या, सर. ह्या हातानं एवढी नासाडी होत नसते. माह्याच पोट्ट्याचं काम असन हे. तुम्ही भले मानूस, त्याले झाकून राहिले.’’

मी माळ्यावर चढलो आणि दोन्ही पाने पुराव्यादाखल खाली आणले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, वजन केलं, आणि विचारलं, ‘‘इकता काय?’’