डोंगर कुठं, पाणी कुठं

चि. अनघा,

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या फ्लॅटची किल्ली मिळाली, आनंद झाला. वास्तूवाले म्हणाले, दक्षिणेचं दार अशुभ; फेंगशुईवाले म्हणाले, याहून चांगली दिशा नाही. तू गोंधळणारच.

फेंगशुई ही चिनी विद्या, आणि उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सैबेरियाकडून बोचरा वारा येतो. म्हणून घराची पाठ उत्तरेला, तोंड दक्षिणेच्या उन्हाकडे. मीरा रोडला तो वारा कुठला? आपल्याकडे पाऊसच नैर्ऋत्येकडून झोडपतो. बीजिंगमध्ये सुखाची असलेली दिशा इथे जूनमध्ये भिजते. ग्वो पू (इ. स. 276–324) याच्या नावावर चालत आलेला या विद्येचा जुना ग्रंथ वाऱ्यापासून आडोसा आणि जवळ पाणी, एवढंच मागतो. तोही थडग्याची जागा निवडण्यासाठी, हे तुझ्या सल्लागारानं सांगितलं नसेल!

तेव्हा होकायंत्र बाजूला ठेव आणि गच्चीवर जा. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला मिठागरं आणि त्यापलीकडे उत्तनचा समुद्र. पाठीशी डोंगर, समोर पाणी, म्हणजे तुझी हॉलची पश्चिमेची खिडकी त्या विद्येला पसंत पडावी. पण दुपारचं ऊनही तिथूनच येणार. छज्जा पुरेसा आहे का बघ, जाड पडदा लाव, आणि संध्याकाळी खिडकी उघडून समोरचं दारही उघड. खारा वारा आरपार गेला पाहिजे. तोच वारा ग्रिलला गंज चढवतो, म्हणून पावसाळ्याआधी रंगाचा हात मार. भिंतीला ओल दिसली तर आरसा टांगून झाकू नको. आधी बाहेरच्या भेगा बुजव.

हसरा बुद्ध घ्यायचा तर घे. तो गौतम बुद्ध नव्हे, बुदाई नावाचा ढेरपोट्या चिनी भिक्षू. बघून हसू येतं, तेवढं पुरे. घंट्यांचं तोरण मात्र शेजाऱ्यांना विचारून टांग, रात्री वारा सुटला की ते वाजत राहतं.

ओटा आणि मोरी हलवण्याचा सल्ला साफ नाकार. खालच्यांच्या बेडरूमवर तुझी मोरी आली की त्यांच्या छताला गळती आणि सोसायटीत कायमचं वैर. भिंत पाडायचा तर विचारही नको. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय हातोडा लावू देऊ नको.

सल्लागाराची उरलेली फी पडद्यांना वापर. खिडकीचं माप पाठव, इथे दादरला कापड बघते.

तुझी,
मावशी